बडा दिन, लहान दिवस

१२ नोव्हेंबर ८८, शनिवार. जळगाव

दिवाळीची सुट्टी आणि मांडीवर सातवी ब चे भूगोलाचे पेपर. प्रश्न : वर्षातला सर्वांत मोठा दिवस कोणता? एकीचं उत्तर : "२५ डिसेंबर. म्हणून त्याला बडा दिन म्हणतात." लाल पेन टेकवलं आणि हसतच सुटले. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "अर्धा मार्क दे की. आपल्या नाताळाचा मान ठेवलाय पोरीनं." दिला नाही. भूगोलात नातीगोती नाहीत.

पण मग पेन तसंच हातात राहिलं. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरचा. २५ त्याच्या शेजारचाच, जेमतेम तेवढाच. त्याला बडा कोण म्हणालं आणि का? जन्माची ख्रिस्ती, अर्धा जन्म भूगोलाची बाई, आणि हे कधी मनात आलं नाही. कमाल आहे माझीही.

संध्याकाळच्या एस.टी.नं आमचा दिनू धुळ्याहून आला. बँकेला उद्या रविवार. वाळलाय. खानावळीचं खातो. पिशवीत एक शर्ट आणि बायबल, बस. शेजारच्या पाटीलबाईंकडून आलेल्या करंज्या पुढे केल्या तर म्हणाला, "दिवाळीचं मी खात नाही आता." बरं. पोळ्या टाकल्या.

१३ नोव्हें., रविवार

दि. गेला. जेवण अर्धं टाकून, दुपारच्याच गाडीनं.

काय झालं ते आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीनं आठवेन.

सकाळी आमच्याबरोबर चर्चला आला नाही. धुळ्याला तो एका नव्या सहभागितेत, म्हणजे प्रार्थनेच्या गटात जातो, त्यांच्या मते आमची मंडळी विश्वासात कोमट. तेही बरं. जेवताना ह्यांनी सहज काढलं, "यंदा नाताळचा तारा मोठा करू. दिनू, चोवीसला ये, गच्चीवर चढून तूच बांध. माझा हात हा असा." पावसाळ्यात झटका आला तेव्हापासून ह्यांचा उजवा हात नुसता अंगाबरोबर फिरतो, कामाला येत नाही.

दि.नं घास ताटात ठेवला. "बाबा, मी येणार नाही. तारा, झाड, मेणबत्त्या, पंचवीस तारीख, सगळं मूर्तिपूजकांचं आहे. रोमी लोक त्या दिवशी सूर्याचा जन्म साजरा करायचे. वचनात, बायबलात, नाताळ कुठं लिहिलाय, दाखवा."

मला गप्प बसणं कुठलं. म्हटलं, "तुझा वाढदिवसही पंचवीसचाच. वचनात नाही म्हणून तू जन्माला यायचा थांबला होतास का?" वाटलं हसेल. लहानपणी याहून फालतू विनोदाला हसायचा.

"आणि मला दिनकर म्हणू नका," म्हणाला. "ते सूर्याचं नाव आहे. मी आता दानिएल."

निदान आद्याक्षर ठेवलंय. रुमालावरचा द उसवायला नको.

नाव सासूबाईंनी ठेवलेलं. अजून कानात आहे. दवाखान्यात पोराला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बडा दिनले जलमना पोऱ्या, दिनकरच शे तो." दिन करतो तो दिनकर, एवढाच त्यांचा हिशेब. सूर्याचा त्यात संबंध नव्हता. हे मी दि.ला सांगितलं. म्हणाला, "आजीला ठाऊक नव्हतं म्हणून खरं बदलतं का?"

दारात चपला घालताना : "ज्या दारावर तारा असेल त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही, आई. राग नाही. मला जमणार नाही."

राग नव्हताच, तेच वाईट. रागावला असता तर मलाही रागावता आलं असतं.

१८ नोव्हें., शुक्रवार

कॉलेजच्या वाचनालयात. पाटीलबाईंचे दीर तिथं असतात, त्यांनी ज्ञानकोशांची कपाटं उघडून दिली. म्हणाले, "भूगोलाच्या बाई इकडं कशा?" म्हटलं, मुलाला खोटं पाडायचंय.

दुपारपर्यंत वाचलं. मुलगा खरा निघाला.

येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला ते शुभवर्तमानात नाही. मला हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि कुणी तोंडावर म्हणणं वेगळं. रोमी लोकांचा डिसेंबरात आधीपासून मोठा सण, भेटी द्यायच्या, मेणबत्त्या लावायच्या, मालकानं गुलामाला वाढायचं. मग पंचवीसला सूर्याचा जन्मदिवस. उत्तरेकडचे लोक बर्फातही हिरव्या राहणाऱ्या फांद्या घरात आणायचे, मोठा ओंडका जाळायचे. ख्रिस्ती मंडळीनं पुढे त्याच दिवशी प्रभूचा जन्म मांडला. मुद्दाम मांडला की आणखी काही हिशेबानं, यावर विद्वानांचं अजून भांडण आहे. ते भांडण दि.च्या कानावर आलेलं दिसत नाही. पण एकूण बाजू त्याचीच.

आता खरं लिहायचं तर, वाईट वाटायच्या ऐवजी मजा वाटली. हा तर माझाच विषय! सूर्य दक्षिणेला सरकत सरकत जातो, बावीसच्या सुमाराला थबकतो, आणि दोनचार दिवसांनी डोळ्यांना कळण्याइतका परत फिरतो. पंचवीसला जुन्या लोकांची खात्री पटत असणार की मेला नाही, येतोय. म्हणून बडा दिन. आजचा मोठा नाही, आजपासून मोठा होणारा. सातवी ब ची ती पोरगी अगदीच चुकली नव्हती.

घरी येऊन अर्धा मार्क वाढवला. ह्यांना सांगितलं नाही, चिडवतील.

२८ नोव्हें., सोमवार

शाळा उघडली. पेपर वाटले. अर्ध्या मार्काची चौकशी तिनं नाही, तिच्या मैत्रिणींनी केली. साऱ्या वर्गाला झेंड्याच्या खांबाची सावली दाखवली. आता रोज मधल्या सुट्टीत खडूनं खूण करायची. लांबत लांबत कुठं थांबते बघू.

दि.चं काही नाही. ह्यांनी सकाळी माळ्यावरून जुना तारा काढायला लावला. कागद गेलेला, कामट्या शाबूत. भिंतीला टेकवून ठेवलाय आणि येता जाता बघतात.

४ डिसें., रविवार

स्टेशनजवळच्या बूथवरून धुळ्याला फोन लावला, दि.च्या घरमालकांकडे. त्यांनी बोलावून दिलं.

सगळं पाठ करून गेले होते. म्हटलं, "वाचलं मी सगळं. तुझं खरं आहे, तारीख सूर्याचीच असावी." एकदम खुलला. "बघ ना आई! मी हेच म्हणत होतो." कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला. परीक्षेचा निकाल घेऊन घरी यायचा तेव्हाचा.

इथं थांबायचं की नाही? थांबेन तर मी कसली. म्हटलं, मग चोवीसला ये. म्हणाला, "पंचवीसला रविवार आहे. इथं उपासना आहे. सण म्हणून नाही, रविवार म्हणून."

आणि तोंडून गेलं, "रविवार कुणाचा वार रे, दानिएल?"

मग : "तुला माझ्या सगळ्याचीच चेष्टा वाटते, आई." फोन ठेवला.

वादात जिंकले. जिंकून काय मिळालं तर घरापर्यंतची वाट, आणि वाटेत भाजी घ्यायची राहिली. त्याला तिथं चार माणसं मिळालीत, जी त्याचं मन लावून ऐकतात. त्याच्या बापाच्या आजारपणात तो तिकडं एकटा रडत होता तेव्हा त्यांनीच जवळ घेतलं, असं तो एकदा सांगत होता. तेव्हा मी ऐकलं की दुधावर लक्ष ठेवत होते? आठवत नाही. फार लागलंय मनाला.

११ डिसें., रविवार

कडाक्याची थंडी. पाटीलबाई माहेरी रावेरला जाऊन आल्या. त्यांच्या भावाच्या केळीला थंडीचा चरका बसलाय, पानं पिवळी, घड पोसत नाहीत. बागेच्या कडेकडेनं ऊब राहावी म्हणून पालापाचोळा पेटवून धूर करताहेत. म्हणाल्या, "आमचा भाऊ सकाळी उठला की आधी सूर्याकडं बघतो आणि मग बायकोकडं."

त्यांना दि.चं सांगितलं. म्हणाल्या, "लग्न करा त्याचं." सगळ्याला हेच औषध आहे त्यांच्याकडं. मग जरा थांबून, "पण तो म्हणतो ते खरं असलं, तर मग तुम्ही कशाला धरून बसलात हो?" चेष्टेनं नव्हतं विचारलं. मी कपबशा उचलल्या.

आता लिहिताना सुचतंय ते एवढंच : मी सूर्यासाठी तारा लावत नाही. लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरावर तारा होता, हे शिडीवर होते, सासूबाई खालून ओरडत होत्या. नाताळ म्हटला की मला ते दिसतं. वचन ते नाही हे कबूल. पण खोटंही नाही ना ते.

१४ डिसें., बुधवार

रशीदभाई येऊन गेले. ह्यांनीच निरोप धाडला होता. दिवाळीचे आकाशकंदील, संक्रांतीचे पतंग, सगळं तेच करतात. आमच्या ताऱ्याला कागद दरवर्षी त्यांच्याचकडचा. कामट्या वाकवून बघितल्या. "पक्की है. वोही बांबू, बाई. दिवाली को गोल, आप को पाच कोने, संक्रांत को पतंग." लाल-पिवळा कागद कापून, खळ लावून दिला. एका हातानं कागद ताणायला हे मदत करत होते. दोघांच्या गप्पा बराच वेळ चाललेल्या, पायऱ्यांवर उन्हात. ह्यांना हसताना बघितलं, बरं वाटलं.

"बेटा आयेगा ना बांधने?" रशीदभाईंनी विचारलं. हे म्हणाले, "बघू."

१८ डिसें., रविवार

आज मी बोलले. म्हटलं, यंदा तारा नको लावू या. एक वर्ष नाही लावला तर काय आभाळ कोसळतंय? तो येईल, जेवेल, वाढदिवस आहे त्याचा. नाव काय ठेवायचं ते ठेवू दे.

हे खिडकीशी बसलेले. आजारापासून बोलणं थोडं जड झालंय, म्हणून आधी मनात जुळवून मग बोलतात. म्हणाले, "तारा नसला तर येईल. मग मी त्याच्या समोर बसून काय करू? मी पाहुणा, तो पाहुणा." आणि मग त्यांच्या आईच्या बोलीत, जी एरवी ते माझ्याशी बोलत नाहीत, "तो मन्हा आंडोर शे. तारा बी मन्हाच शे." मुलगाही माझा, ताराही माझा.

तिकडं मुलाची बाजू खरी, इकडं ह्यांची खरी. मी मधल्यामध्ये, पारोळ्याच्या स्टँडवर उभी असल्यासारखी. इकडं जळगाव, तिकडं धुळं, दोन्ही गाड्या फुल.

२२ डिसें., गुरुवार

सावलीची खूण दोन दिवस सरकलेली नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या मार्कवालीनं विचारलं, "बाई, आता परत येईल ना?" म्हटलं, येतेच. दरवर्षी येते.

सावलीबद्दलच बोलत होते मी.

२४ डिसें., शनिवार

दुपारी चर्चमध्ये गाण्यांची तालीम. पाळकसाहेबांनी विचारलं, दिनकर कधी येतोय, गव्हाणीच्या देखाव्याचे दिवे तोच लावतो ना. म्हटलं, रजा नाही. खोटं बोलले, तेही चर्चमध्ये.

परत आले तर कोपऱ्यावरूनच दिसलं. तारा वर! गच्चीच्या कठड्याला उभ्या बांबूवर, थोडा तिरका. धावत वर गेले. हे कठड्याला टेकून खाली बसलेले, घामाघूम, ओठाला सुतळीचं कुसळ लागून रक्त. एका हातानं आणि दातांनी गाठ मारली होती. जिना एकटे चढले. पडले असते तर? मी एवढी ओरडले की पाटीलबाई बाहेर आल्या. मग मीच रडले. ह्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "बटन दाब. लागतो का बघू."

लागला.

२५ डिसें., रविवार

नाताळ. चर्च, भेटी, दारोदार ताटं. पाटीलबाईंना दिवाळीच्या ताटाची परतफेड, रशीदभाईंकडं डबा.

दि. आला नाही. त्याच्या आवडीची चणाडाळीची पोळी केली होती. हे दारासमोरच्या खुर्चीवर दिवसभर. संध्याकाळी म्हणाले, "आत्ता कुठं दिवा लावायची वेळ झाली. मागच्या आठवड्यात यावेळी अंधार व्हायचा." तसं काही एवढ्यात कळत नाही, भूगोलाच्या बाईला विचारावं. पण मी "हो" म्हटलं.

वाढदिवसाचा फोन करावा वाटला. घरमालकांचं घर बंद असावं, उचलला नाही.

१ जानेवारी ८९, रविवार

नवीन वर्ष. नव्या वहीला पैसे कशाला, हीच संपवू.

पाळकसाहेबांच्या प्रवचनात माझं लक्ष नव्हतं. मी मनातल्या मनात दि.शी बोलत होते. म्हणत होते, तुझ्या चार माणसांबद्दल सांग, नावं सांग त्यांची, मी मध्ये बोलणार नाही.

८ जाने., रविवार

तारा अजून वर. दरवर्षी नव्या वर्षाच्या आठवड्यात उतरवतो, म्हणजे दि. उतरवतो. मला शिडीवर चक्कर येते, ह्यांना मी चढू देत नाही. दवानं कागद फिका पडलाय, एका कोपऱ्याला फाटलाय. तरी हे रोज संध्याकाळी बटन दाबतात. गल्लीतले विचारू लागलेत, तुमचा नाताळ संपला नाही का.

परत बूथवर. मनात एकच ठरवलेलं : विनोद नाही.

"तारा काढायचाय," म्हटलं. "आम्हा दोघांना जमत नाही. लावायला येणार नाही म्हणालास, काढायला येशील का?"

त्यानं विचारलं, "कुणी बांधला?"

"बाबांनी."

"हात...?"

"एका हातानं. आणि दातांनी."

मग म्हणाला, "चौदाला बँकेला सुट्टी आहे. येतो."

चौदा म्हणजे संक्रांत! सूर्याचा म्हणून ठरलेला याच्याहून उघड सण दुसरा नाही. जीभ इतकी वळवळली म्हणून सांगू. फोन ठेवेपर्यंत दातांखाली धरली.

१४ जाने., शनिवार

आला. दुपारी. आभाळभर पतंग, पोरांचा ओरडा. दाराशी आल्यावर आधी वर बघितलं, आणि आत आला नाही, बाहेरूनच जिन्यानं थेट गच्चीवर गेला. शब्द पाळला त्यानं. दारावर तारा होता तोवर उंबरा ओलांडला नाही. मला त्याचा रागही आला आणि अभिमानही वाटला. अगदी बापासारखा.

हे अंगणात खुर्ची टाकून वर बघत. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर.

वाटलं होतं झटक्यात ओरबाडून काढेल. कठड्याशी मांडी घालून बसला आणि गाठ बघत राहिला. सुतळी ओली होऊन वाळून दगड झालेली. नखानं उचकून बघितली. सुटेना.

"कात्री आणू?" मी विचारलं.

"नको."

उन्हं कलली तरी तो तिथंच. एक पदर सुटला, मग दुसरा. एकदा तोंड वाकवून दातांनी ओढलं. हे खालून बघत होते. त्यांचे ओठ हलले, आणि हाक मारली, "दिनू! सोडी टाक हळूहळू. घाई नही."

वाटलं, आता म्हणेल, दानिएल म्हणा.

"ओ," म्हणाला. मान वर न करता.

तारा खाली आणला तेव्हा दिवेलागण झाली होती. मागच्या महिन्यात या वेळेला मिट्ट अंधार. घरात आला. ह्यांच्या शेजारी बसला, त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं चोळत राहिला, बोलला फारसं नाही. मी पोळ्या केल्या. जेवताना मी विचारलं, "तिकडच्या तुझ्या लोकांबद्दल सांग." संशयानं बघितलं माझ्याकडं. मग सांगू लागला. एक वेल्डर आहे, एक नर्स आहे, एक म्हातारे मास्तर. मी मध्ये एकदाही बोलले नाही. दूध उतू गेलं, जाऊ दिलं.

पाटीलबाईंनी तिळगूळ पाठवला होता. ताटाजवळ ठेवला. खाल्ला नाही, परतही केला नाही.

निघताना तारा हातात घेऊन उभा राहिला. फाटका कागद त्यानं आधीच काढून टाकला होता, नुसत्या पाच कोनांच्या कामट्या. दरवर्षी त्या माळ्यावर जातात. ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे...?"

"तू सांग," मी म्हटलं.

त्यानं तो दाराच्या मागे टेकवून ठेवला आणि गाडीला उशीर होतोय म्हणाला.

२१ जाने., शनिवार

शाळेत सावली बरीच आखडली. मुलींचा उत्साह संपला, आता कुणी खूण करत नाही. मीच करते.

दि.चं पत्र नाही, फोन नाही. पुढच्या महिन्यात येईन असं जाताना म्हणाला होता, की येईन बहुतेक असं म्हणाला, आमच्या दोघांत यावर एकमत नाही.

कामट्या दारामागेच आहेत. ना माळ्यावर, ना चुलीत. केर काढताना मी त्या उचलते, खालचं झाडते, आणि परत होत्या तिथं ठेवते.